'कॅसानोव्हा'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: हीथ लेजरच्या 'कॅसानोव्हा'ची (२००५) मराठी सबटायटल्स करायची आहेत. कथा १७५३ च्या व्हेनिसमधली आणि नायक खुद्द कॅसानोव्हा, ज्याच्या नावावरून बायकांना भुलवत फिरणाऱ्या पुरुषाला 'कॅसानोव्हा' म्हणतात; म्हणून 'तो कॅसानोव्हाच आहे' असं सामान्यनाम वापरता येत नाही. त्याच्या आठवणी छापायला सुरुवात झाली १८२२ साली, तो गेल्यावर २४ वर्षांनी. नावाचा शब्द झाला तो त्यानंतर. स्त्रीलंपट, बाहेरख्याली, रंगेल, छंदीफंदी यांतलं काय घ्यावं? विनोदी प्रेमकथा आहे, शब्द जड नको.

अनुस्वार: बाहेरख्याली आधी काढा. 'बाहेर' म्हटलं की घरात एक संसार लागतो, याने लग्नच केलं नाही. स्त्रीलंपट ही शिवी, शिवाय युनिकोडमध्ये दहा चिन्हं. ओळीला ४२ धरली तर चौथाई ओळ एका विशेषणात गेली. जोडाक्षरं नीट न जुळवणाऱ्या प्लेअरवर 'स् त् री' असं तुटून दिसतं ते वेगळंच. रंगेल पाचांत बसतं.

खारीक: रंगेल माणूस गाण्याबजावण्यात, खाण्यापिण्यातही रंगतो, बायकांच्या मागे असेलच असं नाही. 'गुलछबू' घ्या. सहा चिन्हं, आणि जुन्या काळाचा वासही आहे. छबी मिरवणारा तो गुलछबू.

पिंपळपान: छबी नाही हो. फारसी गुल-ए-शब-बू: शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. आपला निशिगंध. 'शब'चा 'छब' झाला असणार. आणि अर्थ नटवा, छानछोकीचा; बाईला वश करणारा नव्हे.

खारीक: फूल कुठलंही असो, बोलणाऱ्याला त्यात छबीच ऐकू येते. अर्थ वापरातून ठरतो, फारसी कोशातून नाही.

अनुस्वार: क्रियापद जास्त महत्त्वाचं. 'फूस लावणे' अजिबात नको. ते 'अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवले' अशा बातमीतलं, हसू तिथेच संपतं. 'भुरळ घालणे' यात भुललेली व्यक्तीही खूश असते, 'नादी लावणे' यात तिचं नुकसान होतं. म्हणून नायिका फ्रान्चेस्का चिडून बोलेल तिथे 'नादी लावतो', नोकर लुपो कौतुकाने बोलेल तिथे 'भुरळ घालतो'. सिनेमाभर एकच शब्द कशाला?

तळटीप: हे पटलं. 'इन्क्विझिशन'चं (पाखंड्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) काय करू?

पिंपळपान: तसंच ठेवा. गोव्यातल्या इन्क्विझिशनमुळे (१५६० ते १८१२) मराठी माणसाला तो शब्द चांगलाच माहीत आहे.

अनुस्वार: म्हणूनच घोटाळा होतो. खऱ्या कॅसानोव्हाला १७५५ मध्ये पकडलं ते व्हेनिसच्या तीन राज्य-इन्क्विझिटरांनी. ते प्रजासत्ताकाचे अधिकारी, चर्चचे नव्हेत. डोजच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, महालात शिशाच्या छपराखालच्या कोठडीतून तो १७५६ मध्ये निसटला. सिनेमातला बिशप मात्र रोमहून येतो, तिथे 'धर्मन्यायालय' शोभेल.

खारीक: धर्मन्यायालय बारा चिन्हं, इन्क्विझिशन अकरा. एका चिन्हासाठी परका शब्द ठेवायचा?

पिंपळपान: परका कुठला, साडेचारशे वर्षांचा आहे. आणि परकेपणाचंच म्हणाल तर कासा नोव्हा म्हणजे नवं घर, आपल्याकडचे नवघरे. 'नोव्हा' आणि 'नव' एकाच मुळाचे. गोव्यात 'नोव्हास कॉन्किस्तास'ला (पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेला मुलूख) 'नव्या काबिजादी' म्हणतात, ते उगाच नाही.

खारीक: काबिजादी अरबी 'कब्ज'वरून. बघा, पुन्हा परकाच.

तळटीप: मग लुपोच्या तोंडी रंगेल की गुलछबू?