कार्पेंटर्सचा सर्वांत एकसंध अल्बम कोणता? माझं मत : 'होरायझन'

खर्जप्रेमी

कॅरन आणि रिचर्ड कार्पेंटर या अमेरिकी पॉप गायक भावंडांचा ('कार्पेंटर्स'चा) विषय निघाला की गाडी 'क्लोज टु यू', 'टॉप ऑफ द वर्ल्ड' आणि 'यस्टरडे वन्स मोअर' या तीन स्टेशनांपुढे जात नाही. गाणी सुंदरच आहेत. पण सुटी गाणी आवडणं वेगळं आणि अख्खा अल्बम सुई न उचलता ऐकावासा वाटणं वेगळं. या दुसऱ्या कसोटीवर १९७५चा 'होरायझन' सगळ्यांच्या पुढे आहे. अमेरिकेत तो १३व्या क्रमांकापर्यंतच पोचला, ब्रिटनमध्ये मात्र पहिला आला. अमेरिकेतल्या त्या आकड्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होत आलंय.

पहिलं कारण बांधणी. सुरुवातीला 'ऑरोरा' आणि शेवटी 'इव्हेनटाइड'. चाल एकच, शब्द वेगळे. एकात पहाट, दुसऱ्यात सांज. प्रत्येकी जेमतेम दीड मिनिट. मधली आठ गाणी त्या दोन टोकांमध्ये दिवसासारखी सरकतात.

दुसरं आणि मोठं कारण कॅरनचा आवाज. 'ओन्ली यस्टरडे'चा अंतरा ऐका. ती थेट खर्जात उतरून गाते, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि मुखडा आला की तोच आवाज कुठेही न चिरकता वर उघडतो. 'सॉलिटेअर'मध्ये हा पल्ला आणखी मोठा आहे. नील सेडाकांची ही चाल गायला अवघड, कारण अंतरा खाली रेंगाळतो आणि मुखड्यात दम लागतो. बहुतेक गायक खालची बाजू हवेत विरू देतात किंवा वरची ओरडून काढतात. कॅरनचं दोन्हीकडे वजन सारखं. ईगल्सचं 'डेस्पराडो' इतक्यांनी गायलंय, पण इतक्या कमी अभिनयात इतका परिणाम मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

तुमचं मत सांगा, पण गाण्याचं नाव घेऊन आणि का ते सांगून.

दुसरी_बाजू

सपशेल असहमत. आवाजाबद्दल जे लिहिलंत ते खरं, पण तो गायिकेचा गुण झाला, अल्बमचा नाही. 'होरायझन' सलग ऐकलात तर 'प्लीज मिस्टर पोस्टमन' सोडून जवळपास सगळं एकाच विलंबित चालीत जातं. दुसऱ्या बाजूला तर 'हॅपी' वगळता लय हलतच नाही. बिली मे यांनी वाद्यमेळ बांधलेलं 'आय कॅन ड्रीम, कान्ट आय' उत्तम आहे, पण ते मूळ १९३०च्या दशकातलं गाणं. 'पोस्टमन'च्या लगेच पुढे ते आलं की अल्बमचा काळच बदलतो.

माझं उत्तर १९७२चा 'अ साँग फॉर यू'. शीर्षकगीताने सुरुवात, त्याच गाण्याच्या पुनरावृत्तीने शेवट. म्हणजे तुमची 'ऑरोरा–इव्हेनटाइड' ही युक्ती त्यांनी तीन वर्षं आधीच वापरली होती. आणि मध्ये काय काय आहे बघा : लिऑन रसेलचं शीर्षकगीत, 'हर्टिंग ईच अदर', कॅरोल किंगची चाल असलेलं 'इट्स गोइंग टु टेक सम टाइम', 'आय वोन्ट लास्ट अ डे विदाउट यू', 'टॉप ऑफ द वर्ल्ड'.

आणि 'गुडबाय टू लव'. या एका गाण्यावर मी अख्खी बाजू लढवायला तयार आहे. सुरावट रिचर्डची, शब्द जॉन बेटिसचे. १९४०च्या एका बिंग क्रॉस्बी चित्रपटात एका गीतकाराच्या याच नावाच्या गाण्याचा नुसता उल्लेख येतो, गाणं ऐकू येत नाही. तिथून रिचर्डला कल्पना सुचली. सुरुवातीला वाद्यांची प्रस्तावना नाही, पहिल्याच क्षणी आवाज. पहिली ओळ इतकी लांब आहे की श्वास घ्यायला सोयीची जागाच नाही. गायला जाल तर दोन चुका हमखास होतात : एक तर ओळ मध्येच तुटते, नाहीतर शेवटचे शब्द कोरडे पडतात. इलाज एकच. ओळीच्या आधीच पोटातून पूर्ण श्वास भरायचा आणि पहिल्या चार शब्दांवर तो उधळायचा नाही. कॅरन पहिले शब्द किती हलके टाकते ते ऐका, म्हणजे उरलेला दम कुठून येतो ते कळेल.

मग टोनी पेलुसोची गिटार. फझ पेडलमधून (गिटारचा सूर मुद्दाम खरखरीत करणाऱ्या उपकरणातून) आवाज थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये घेतलाय, मध्ये अँप्लिफायर नाही. म्हणून तो खोलीतल्या गिटारसारखा दूर वाटत नाही, कानाशी कुरतडतो. रिचर्डची सूचना होती की आधी काही आवर्तनं मूळ चाल वाजव आणि मग मोकळा सूट. सोलो ऐकताना ही पायरी स्वच्छ कळते. हळुवार प्रेमगीतात असला खरखरीत सोलो त्याआधी सहसा कुणी टाकत नव्हतं, आणि काही चाहत्यांनी रागाची पत्रं पाठवली. तरीही गाणं अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. 'होरायझन'मध्ये इतकं धाडस दाखवणारी एक तरी जागा सांगा.

तपकिरी_पाकीट

तुम्ही दोघंही १९७१च्या 'कार्पेंटर्स'ला विसरलात. लिफाफ्यासारख्या तपकिरी कव्हरचा, चाहते ज्याला 'टॅन अल्बम' म्हणतात तो. एका बाजूची सुरुवात 'रेनी डेज अँड मंडेज', दुसरीची 'सुपरस्टार'. असा जोड त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही तबकडीवर नाही.

'सुपरस्टार'बद्दल थोडं. लिऑन रसेल आणि बॉनी ब्रॅम्लेट यांचं गाणं, आधी इतरांनी गायलेलं. रिचर्डने ते टीव्हीवर बेट मिडलरच्या तोंडून ऐकलं. मूळ शब्दांत 'तुझ्यासोबत निजायला' अशा अर्थाचा उल्लेख होता. तिथे 'तुझ्यासोबत असायला' असा एका क्रियापदाचा बदल केला, जेणेकरून रेडिओवर वाजावं. आणि आपण ऐकतो तो कॅरनचा आवाज म्हणजे 'वर्क लीड', वादकांना अंदाज यावा म्हणून गायलेला पहिला टेक. शब्द कागदी नॅपकिनवर खरडलेले होते. त्यानंतर पुन्हा गायची गरजच पडली नाही. ओबोची ती सुरुवात, वादक जो ऑसबोर्नची बेस गिटार आणि मंद्रातला तो पहिला उच्चार… पहिल्या काही सेकंदांतच सगळं ठरून जातं.

कमकुवत बाजूही मान्य करतो. रिचर्डने गायलेली 'सॅटर्डे' आणि 'ड्रसिला पेनी' अल्बमचा सूर मोडतात. बॅकरॅक–डेव्हिड या संगीतकार-गीतकार जोडीच्या सहा गाण्यांचं मेडले (एकात एक गुंफलेली माळ) मात्र अजिबात भरताड नाही. त्यातले लयीचे बदल इतके झटपट आहेत की एक सांधा जरी सैल पडला असता तरी सगळं कोसळलं असतं.

खर्जप्रेमी

@दुसरी_बाजू, लयीचा मुद्दा अर्धा मान्य. पण 'अ साँग फॉर यू'मध्ये 'इंटरमिशन', 'फ्लॅट बरोक' आणि 'पियानो पिकर' आहेत हे तुम्ही सोयीने गाळलंत. पहिला विरंगुळा, दुसरी निव्वळ वाद्यरचना, तिसरं रिचर्डचं गाणं. दुसऱ्या बाजूवर 'फ्लॅट बरोक' आणि 'पियानो पिकर' लागोपाठ येतात आणि तेवढा वेळ कॅरन गायबच होते.

आणि धाडस म्हणजे फक्त खरखरीत गिटार का? सगळं कमी करत नेणं हेही धाडसच. 'होरायझन'मध्ये ती माइकच्या अगदी जवळून, अतिशय हळू आवाजात गाते. दिशा धरणाऱ्या माइकजवळ गेलं की खालचे स्वर आपोआप भरदार होतात. पण त्याची किंमत द्यावी लागते. ओठांचा आवाज, 'स'चा सिसकारा, श्वास, सगळं दुप्पट उघडं पडतं आणि गायकाने डोकं बोटभर जरी हलवलं तरी स्वराचा रंग बदलतो. 'डेस्पराडो' हेडफोनवर ऐका. रंग कुठेही हलत नाही.

मागचा कोरस तर फक्त त्या दोघांचा. चार स्वरांचा मेळ, आणि प्रत्येक स्वर तीन-तीनदा गाऊन एकावर एक ठेवलेला, म्हणजे बारा आवाज. घरच्या सॉफ्टवेअरवर हे करून बघणाऱ्यांचं नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. तिन्ही वेळा शब्दाचा शेवटचा 'ट' किंवा 'स' एकाच क्षणी पडत नाही आणि ओळीच्या शेवटी खडखडाट होतो. यावर साधा उपाय असा की एकाच टेकमध्ये शेवटचं व्यंजन पूर्ण उच्चारायचं आणि बाकीच्या दोन्हींत ते जवळजवळ गिळायचं. दुसरी चूक आंदोलनाची. तिन्ही टेकमध्ये स्वर थरथरला की मेळ गढूळ होतो, म्हणून कोरसमध्ये स्वर सरळ धरायचा.

टेपसंग्राहक

वाद चालू द्या, पण तुम्ही तिघं एकच ध्वनिमुद्रण ऐकताय का हे आधी तपासा. रिचर्डने १९८०च्या दशकापासून बरीच गाणी जुन्या टेपवरून पुन्हा मिक्स केली, काहींत पियानो नव्याने वाजवला. संग्रहांच्या सीडींवर आणि स्ट्रीमिंगवर मूळ आणि नवं मिक्स सरमिसळ सापडतं. २०१८मध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत जो अल्बम निघाला, त्यात तर कॅरनचा जुना आवाज आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत नव्याने मुद्रित केलेला वाद्यमेळ आहे. अल्बमची तुलना करायची असेल तर संग्रह बाजूला ठेवा, मूळ नावाचा अल्बम उघडा आणि तपशिलात 'रीमिक्स' लिहिलंय का ते पाहा.

कानाने ओळखायची एक सोपी परीक्षा म्हणजे 'टिकेट टु राइड'. १९६९च्या पहिल्या अल्बमवर १९ वर्षांची कॅरन आहे. १९७३च्या 'द सिंगल्स १९६९–१९७३'साठी ती ते पुन्हा गायली, तेव्हा २३ वर्षांची होती. एकामागून एक लावा. खालच्या स्वरांतला गोलवा लगेच कळतो. 'टॉप ऑफ द वर्ल्ड'चंही तसंच. १९७२च्या अल्बमवरचं गाणं तिला पुरतं पटलं नव्हतं, म्हणून १९७३च्या सिंगलसाठी मुख्य आवाज पुन्हा मुद्रित केला आणि तो सिंगल पहिल्या क्रमांकावर गेला. @दुसरी_बाजू, तुमच्या यादीतलं ते गाणं नेमकं कुठलं?

आणि हो, 'द सिंगल्स' ब्रिटनमध्ये १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यात 'सुपरस्टार', 'रेनी डेज' आणि 'गुडबाय टू लव' एकमेकांत ओवलेली आहेत. म्हणून शफल बंद, दोन गाण्यांमधलं अंतर शून्य आणि आवाज समान करण्याची सोय 'ट्रॅक'ऐवजी 'अल्बम'वर. नाहीतर सांध्यावर आवाज खाली-वर होतो आणि गाणं अर्धवट कापल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर तो संग्रह असूनही अल्बमसारखा रचलेला आहे, आणि माझं मत त्यालाच.

काठी_आणि_झांज

संग्रहाला मत देणं म्हणजे प्रश्नाला बगल देणं. माझं मत 'नाऊ अँड देन', १९७३. कारण कॅरन स्वतःला मुळात ड्रमर मानायची आणि इथे ती भरपूर वाजवते. इतर अल्बमांतल्या गाजलेल्या गाण्यांवर बहुतेक ठिकाणी ड्रमवर हॅल ब्लेन आहे. दुसरी बाजू 'यस्टरडे वन्स मोअर'ने उघडते, मग जुन्या गाण्यांची अखंड माळ, मध्ये रेडिओ निवेदक म्हणून तोच टोनी पेलुसो. त्या माळेत गाणं बदललं की ठेक्याचा पोतही बदलतो, आणि तरीही लय सांडत नाही. शिवाय पहिल्या बाजूला 'धिस मास्करेड' आहे. 'सुपरस्टार'इतकंच खोल, पण त्याचं नाव कुणी घेत नाही.

सांजवात

'पॅसेज'चं (१९७७) नाव कुणीच कसं घेतलं नाही? रिचर्डची एकही रचना नसलेला अल्बम. 'कॉलिंग ऑक्युपंट्स' सात मिनिटांहून मोठं. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचं नाव कराराच्या अडचणीमुळे छापता आलं नाही, म्हणून 'ओव्हरबजेट फिलहार्मोनिक' असं छापलं. धाडस हवं असेल तर ते इथे आहे.

दुसरी एक विनंती. 'गुडबाय टू लव' किंवा १९७६चं 'आय नीड टु बी इन लव' ऐकताना लोक कॅरनचं आजारपण आणि १९८३मधला, वयाच्या ३२व्या वर्षी झालेला मृत्यू त्यात वाचतात. दोन्ही गाण्यांचे शब्द जॉन बेटिसचे आहेत, आणि 'गुडबाय टू लव' तर १९७२चं. दुसरं गाणं तिचं स्वतःचं सर्वांत आवडतं होतं हे खरं. पण तिच्या गायकीतलं श्रेय तिच्या दुःखाला देऊन टाकलं की तिच्या मेहनतीवर अन्याय होतो.

दुसरी_बाजू

@सांजवात, शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. 'पॅसेज'शी नाही. तिथे 'डोन्ट क्राय फॉर मी अर्जेंटिना' आणि 'स्वीट, स्वीट स्माइल' एकाच अल्बममध्ये का आहेत याचं उत्तर मिळत नाही.

@टेपसंग्राहक, मी १९७२चंच 'टॉप ऑफ द वर्ल्ड' धरतोय, आणि १९७३चं जास्त चांगलं आहे हे मान्य करतो.

@खर्जप्रेमी, 'पियानो पिकर' काढून टाकायला माझी हरकत नाही. पण 'इंटरमिशन' राहू द्या. 'गुडबाय टू लव'च्या शेवटच्या सोलोनंतर कानाला काहीतरी निव्वळ मानवी आवाजाचं लागतंच, आणि तबकडी उलटायची जागाही तीच आहे.

खर्जप्रेमी

ठीक, 'इंटरमिशन' राहू दे. तुम्हीही एक करा. 'होरायझन'ची दुसरी बाजू 'सॉलिटेअर'पासून लावा आणि 'लव मी फॉर व्हॉट आय अ‍ॅम' संपल्यावर थांबू नका. 'इव्हेनटाइड'मध्ये पहिल्याच ओळीला ती 'ऑरोरा'चीच सुरावट घेते, पण थोडी मागे रेलून, दिवसभर बोलून झाल्यावर आवाज बसतो तशी.

दुसरी_बाजू

लावलं. 'सॉलिटेअर'पर्यंत तुमच्याशी भांडता येईल. 'इव्हेनटाइड'शी नाही.