मदत हवी आहे: व्हिएन्ना, शॉनब्रुनची तिकिटं संपली, दिवस कसे बसवू?

केतकी_पी:
व्हिएन्नाला जातोय. शॉनब्रुन महालाची आम्हाला हवी ती तिकिटं संपलेली दिसताहेत. बाकी यादी स्टेफान्सडोम चर्च, बेल्व्हेडेअर महाल, रिंगवरच्या (जुन्या गावाभोवतीच्या गोल रस्त्यावरच्या) इमारती. शिवाय गर्दीबाहेरच्या एकदोन जुन्या वस्त्या. हॉटेल नदीजवळ आहे, म्हणजे बरंच चालत होईल. क्रम सांगा, आज रात्री बुकिंग करायचंय.

ट्रामवेडा:
कोणते वार? किती जण? आणि नदी म्हणजे कोणती? जुन्या गावाला लागून वाहतो तो डोनाउकनाल, डॅन्यूबचा फाटा. खरी डॅन्यूब तिथून ईशान्येला तीनएक किलोमीटरवर. हॉटेलजवळचं स्टेशन सांगा.

पोटोबा:
शाकाहारी असाल तर सूप जपून मागवा. फ्रिटाटेनसूप (धिरड्याच्या पट्ट्यांचं) दिसायला निरुपद्रवी, पण पाणी गोमांसाचं असतं. कायझरश्मारन या गोड पॅनकेकमध्ये अंडी असतातच. केझेश्पेट्झले (चीजमधल्या जाड शेवया) मागितलीत तर वर बेकन नको म्हणून सांगा.

केतकी_पी:
जेवणाचं विचारलं नव्हतं, पण आईसाठी उपयोगी आहे, आभार. शुक्रवार दुपार ते रविवार रात्र. आईबाबा सोबत. स्टेशन कायझरम्युलेन.

ट्रामवेडा:
मग चालत जायचं विसरा. कायझरम्युलेन मेट्रोच्या यू१ मार्गावर आहे, स्टेफान्सप्लाट्झला थेट गाडी. तुमचा कणा मात्र हिरवी यू४ ठेवा, श्वेडेनप्लाट्झ किंवा कार्ल्सप्लाट्झला बदलून. शॉनब्रुन, शनिवारचा जुन्या वस्तूंचा बाजार, दोन्ही वस्त्या, सगळं तिच्यावर आहे.

अनुस्वार:
आईबाबांना मेट्रोचे जिने कशाला? पर्यटकांची चढ-उतार बस घ्या, हवं तिथे उतरा, पुन्हा चढा. सगळं दाखवते, बसायला मिळतं.

ट्रामवेडा:
अहो, मेट्रोला लिफ्ट आहेत. ती बस महाग, आणि गर्दीत अडकली की थांब्यावर ताटकळत बसावं लागतं. रिंगसाठी साधी ट्राम पुरते. ऑपेरापासून १ नंबर धरा: संसद, राटहाउस (नगरभवन), विद्यापीठ करत श्वेडेनप्लाट्झ. तिथे २ मध्ये बसा, उरलेल्या बाजूने परत ऑपेरा. एकच ट्राम पूर्ण फेरी मारत नाही, लोक इथेच चुकतात. कागदी तिकीट असेल तर निळ्या यंत्रात छाप मारायचा. छाप नसलेलं तिकीट तपासनीस विनातिकीटच धरतो.

अनुस्वार:
बसमध्ये कानात माहिती मिळते, ती ट्राममध्ये कोण देणार? बाकी पटलं.

वाटसरू७:
मुख्य प्रश्न राहिला. शॉनब्रुनची तिकिटं कुठल्या संकेतस्थळावर पाहिलीत? मध्यस्थांचा कोटा आधी संपतो. महालाच्या स्वतःच्या साइटवर बघा, आणि छोट्या-मोठ्या फेरीचं तिकीट वेगळं असतं, दोन्ही तपासा. काहीच नाही मिळालं तरी बाग फुकट आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढ आहे, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

केतकी_पी:
महालाच्या साइटवर रविवारी साडेआठचं दिसतंय, छोट्या फेरीचं. घेऊ?

वाटसरू७:
लगेच घ्या. साडेआठला दारं उघडतात, पहिल्या गटाला दालनं मोकळी मिळतात. बाहेर पडताना हिट्झिंग स्टेशनच्या बाजूने या, १७५२ साली सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय आणि पामगृह तिकडेच आहेत.

ट्रामवेडा:
शनिवारी सकाळी केटनब्रुकेनगासे स्टेशनला उतरा. जुन्या वस्तूंचा बाजार फक्त शनिवारी भरतो. बाजूलाच लिंके वीनत्साइले ४० क्रमांकाचं मायोलिकाहाउस, वास्तुविशारद ओटो वाग्नरची फरशांनी मढवलेली इमारत. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहा, भिंतीला खेटून उभं राहिलं तर फरशांवरची फुलांची वेल नीट दिसत नाही: खाली तुरळक पानं, वर चढताना गुलाबी फुलं दाटत जातात. त्याच दुपारी बेल्व्हेडेअर. त्यालाही वेळेचं तिकीट लागतं, चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' वरच्या महालात आहे, खालच्या नाही.

वस्त्यांपैकी पहिली सेर्व्हिटेनव्हिअर्टल. रोसाउअर लेंडे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. सपाट, झाडांची गल्ली, चर्चसमोर बाकं. शुक्रवारी संध्याकाळी तीच करा, प्रवासानंतर झेपेल. दुसरी कार्ल-मार्क्स-होफ, हायलिगेनश्टाट स्टेशनच्या समोर. १९२७ ते १९३० मध्ये नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली वसाहत, लांबी किलोमीटरहून जास्त. १९३४ च्या फेब्रुवारीत हिच्यावर तोफा डागल्या होत्या. लाल कमानींतून आतल्या अंगणात जाता येतं, पण लोक राहतात, खिडक्यांकडे कॅमेरा नको. तिथूनच ३८ए बस काहलेनबर्ग टेकडीवर जाते, ४८४ मीटर, वरून सगळं शहर दिसतं. शहरातल्या मेट्रो-ट्रामचा पास चालतो.

अनुस्वार:
स्टेफान्सडोमचा मनोरा? ३४३ पायऱ्या चढल्याशिवाय व्हिएन्ना पाहिलं असं होत नाही.

वाटसरू७:
दक्षिण मनोऱ्याला लिफ्ट नाही, गोल अरुंद जिना आहे. आईबाबांना उत्तर मनोरा. लिफ्ट आहे, आणि पुमेरिन घंटा तिथेच टांगलेली आहे.

केतकी_पी:
छान. मग रविवारी शॉनब्रुन, तिथून थेट हायलिगेनश्टाट. रात्री विमान आहे. सामानाचं काय?

ट्रामवेडा:
हे आधी सांगायला हवं होतं! सामानासाठी परत कायझरम्युलेनला जाऊ नका. रविवारी सातला निघून यू१ ने हाउप्टबानहोफ (मुख्य रेल्वे स्टेशन), तिथल्या लॉकरमध्ये बॅगा. मग दोन स्टेशनं मागे कार्ल्सप्लाट्झ आणि यू४ ने शॉनब्रुन. संध्याकाळी हाउप्टबानहोफहूनच विमानतळाची रेल्वे. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, पासवर जोडतिकीट घ्या. आणि रविवारी शहरातली बहुतेक दुकानं बंद असतात, पाणी-फळं शनिवारीच भरून ठेवा. राहिलंच काही तर हाउप्टबानहोफमधलं सुपरमार्केट उघडं असतं.

केतकी_पी:
लॉकर मोठ्या बॅगांना पुरतात का? तेवीस किलोच्या दोन आहेत.

वाटसरू७:
वजनाचा प्रश्न नाही, उंचीचा आहे. मोठे खण कमी असतात आणि लवकर भरतात, म्हणून सातलाच निघा.