अनुभव धागा: ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रायलमध्ये तुम्ही किंवा घरातलं कोणी होतं का?

अबोली:
परवा कोल्हापूरहून पुतणीचा फोन आला, बायोप्सीचा रिपोर्ट आलाय आणि डॉक्टरांनी ट्रायलचं, म्हणजे नवीन उपचार पेशंटवर तपासून बघायच्या अभ्यासात येणार का ते विचारलंय, घरात सगळे हडबडलेत. तिच्या सासूबाईंचं एकच, आमच्या सुनेवर प्रयोग नकोत. तिच्याशी बोलता बोलता माझं सगळं डोळ्यापुढे आलं म्हणून धागा काढतेय. ज्यांनी ट्रायल शोधली, मिळाली, नाही मिळाली, मधेच सोडली, सगळ्यांनी लिहा.

माझं २०१४ चं. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला ऑपरेशन ठरलं होतं आणि ओपीडीत एक मुलगी फाइल घेऊन शेजारी येऊन बसली, मराठीतला फॉर्म हातात दिला. ऑपरेशन सुरू करायच्या जरा आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचायचं, दात काढताना देतात तसलं बधिर करायचं औषध, आणि पुढची काही वर्षं बघायचं की आजार परत यायचं प्रमाण कमी होतं का. निम्म्या बायकांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही, कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. बाकी ऑपरेशन, केमो, रेडिएशन ज्याला जे लागेल ते तसंच. मी पहिलं विचारलं, नाही म्हटलं तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकलणार का? ती म्हणाली, "नाही हो काकू, तारीख तीच, डॉक्टर तेच." मग ह्यांनी आणि मी चहा घेता घेता फॉर्म शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि सही केली.

मी इंजेक्शन नसलेल्या गटात गेले. २०२२ मध्ये टाटाच्या डॉ. बडवेंच्या टीमने निकाल सांगितला, देशातल्या ११ हॉस्पिटलांमधल्या १६०० बायका होत्या त्यात. पाच वर्षांनी आजार न उलटता बऱ्या असलेल्या इंजेक्शनवाल्या ८६.६ टक्के आणि आमच्या गटात ८२.६. बातमी वाचून वाईट वाटलं का, तर वाटलं. पण माझ्या उपचारात काहीच कमी केलं नव्हतं, आणि आमचा गट नसता तर इतक्या स्वस्त औषधाने फरक पडतो हे कळलं कसं असतं? मला त्याचा आजही अभिमान आहे.

पुतणीला एकच सांगितलं, काय विचारायचं ते पहिली केमो चढायच्या आधी विचार. आमच्या ट्रायलमध्ये आधी काहीही उपचार न झालेल्याच बायका घेत होते.

सुमी:
अबोलीताई, वाचून डोळे भरले. पुतणीला खूप शुभेच्छा. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

घाटवाट:
आईसाठी मीच शोधाशोध केली होती. सीटीआरआय म्हणून ट्रायलचं सरकारी ऑनलाइन रजिस्टर आहे, २००७ पासूनचं, आणि २००९ पासून भारतातली प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं आहे. ब्रेस्ट कॅन्सर टाकून शोधलं की ढीगभर येतं त्यामुळे आधी रिपोर्ट हातात घेऊन बसायचं, ईआर, पीआर, हर२ (गाठीच्या पेशींमधल्या खुणा, त्यावरून औषध ठरतं) काय आहे, स्टेज काय, आधी कुठली औषधं झाली. मग एकेका नोंदीत कोणाला घेणार आणि कोणाला नाही ते वाचायचं. खाली हॉस्पिटलांची नावं आणि डॉक्टरांचे नंबर असतात. एका ठिकाणी भरती चालू असं लिहिलेलं, फोन केला तर म्हणे कधीच बंद झाली, त्या दिवशी फार चिडलो होतो. दुसरीकडे बोलावलं पण आईचा हर२ दोन प्लस, म्हणजे ना धड पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, मग हर२ नक्की करायची फिश टेस्ट, ती निगेटिव्ह, झालं, बाद. आईच म्हणाली, "जाऊदे रे, निदान आजार नीट कळला." खरंच त्या टेस्टमुळे पुढचे उपचार ठरले.

लेस्टरकर:
क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह पण बघा, अमेरिकेची साइट असली तरी देश म्हणून भारत निवडता येतो, मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच ट्रायल तिथेही सापडतात. मी इथे यूकेत होते एका ट्रायलमध्ये पण मला शोधावंच लागलं नाही, नर्सने स्वतःहून विचारलं. थंडी भयंकर आहे आज.

पारिजातक:
टाटाचं नाव निघालं की मला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळाच आठवते. आम्ही जळगावचे, मुंबईत कोणी नाही, तिथे राहिलो म्हणून उपचार पुरे झाले. शेजारच्या खोलीतल्या नांदेडच्या मावशी मला रोज बळंच जेवायला बसवायच्या, तोंडाला चव नसायची तर ताकात भात कालवून वर लिंबाच्या लोणच्याचा खार. अजून कोणी तिथे होतं का?

निशिगंध:
@पारिजातक आम्ही होतो! नंतर डोंबिवलीला मावसबहिणीकडे.

माझं जरा वेगळं. हर२ पॉझिटिव्ह, आणि त्यावरच्या हर्सेप्टिन औषधाचा खर्च ऐकून ह्यांनी गावची जमीन विकायची भाषा सुरू केलेली. तेव्हा त्याच औषधासारखं दुसऱ्या कंपनीचं औषध यायचं होतं, त्याची ट्रायल. एका गटाला मूळ, एका गटाला नवीन, म्हणजे दोन्हीकडे औषध मिळणारच होतं आणि तेही फुकट. मी फुकट म्हणूनच सही केली, स्पष्ट लिहिते, आपल्याकडे कित्येक जणी त्याच कारणाने करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का हे मी आधी विचारून घेतलं, फॉर्मवर कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला लावलं. दर काही महिन्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायचे, हृदयावर परिणाम होतो ना त्याचा. इतकं बारीक लक्ष एरवी कोणी ठेवलं नसतं.

रानजाई:
बायकोला स्तनाच्या कॅन्सरची चौथी स्टेज होती. ट्रायलमधल्या गोळ्या सुरू झाल्या, सुरुवातीला खोकला कमी झाला, ती स्वतः जिना चढून टेरेसवर वाळवणं बघायला गेली होती. मग स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला आणि नियमाप्रमाणे औषध बंद. फायदा झाला नाही असंच म्हणावं लागेल. ती गेल्यावर काही दिवसांनी ट्रायलच्या कोऑर्डिनेटरचा नेहमीचा फोन आला, ताई कशा आहेत. मी सांगितलं. ती मुलगी फोनवर रडली, मग मीच म्हटलं, "तारीख लिहून घ्या, तुम्हाला लागेल." बायको असती तर तिनेही सगळं नीट लिहून दिलं असतं, तलाठी ऑफिसात होती.

सुमी:
रानजाई दादा, काय लिहू. नमस्कार तुमच्या सौ.ना.

अबोली:
दादा, लिहिलंत त्याबद्दल खूप आभार.

मोहर:
प्रश्न आहे. नुसती साखरेची गोळी देऊन बसवतात का? आणि काही झालं तर खर्च कोण करतं? वहिनीचं चाललंय.

दर्याकाठ:
मी रिसर्च नर्स होते, रत्नागिरीची, नोकरी पुण्यात. @मोहर, आजारावर चांगला उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसती साखरेची गोळी देत नाहीत. प्लासिबो, म्हणजे तसली बिनऔषधाची गोळी, असला तर तो बहुतेक वेळा नेहमीच्या औषधाच्या जोडीला असतो, तेही फॉर्मवर लिहिलेलं असतं. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात आणि भरपाईची तरतूद आहे. फॉर्म मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस ठेवा. सही कर सही कर म्हणून कोणी मागे लागलं तर उठून या. पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा नंबर फॉर्मवर असतो, तो फोनमध्ये सेव्ह करा. कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. आमच्याकडे एक आजी प्रत्येक पानावर सही करायच्या आधी मला ते पान मोठ्याने वाचायला लावायच्या, पुढे मी सगळ्यांनाच तसं वाचून दाखवायला लागले.

मोहर:
खूप धन्यवाद ताई, वहिनीला पाठवलं. गाडीभाडं मिळतं का?

दर्याकाठ:
बऱ्याच ठिकाणी मिळतं, विचारायचं. तिकिटं जपून ठेवा.

पारिजातक:
विषय सोडून, ऑपरेशननंतरच्या हाताच्या सुजेसाठी स्लीव्ह, ती घट्ट बाही, कुठली वापरता? उन्हाळ्यात फार घाम येतो.

लेस्टरकर:
सकाळी उठल्याबरोबर घाला, सूज कमी असते तेव्हाच. माप मात्र फिजिओकडूनच घ्या. आणि दोन असू द्या, एक धुवायला.

मोहर:
अजून एक, सेकंड ओपिनियनला जाताना बायोप्सीच्या नुसत्या स्लाइड नेल्या तर चालतं का? लॅबवाला ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, द्यायला कटकट करतोय.

घाटवाट:
ब्लॉक पण न्या. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ट्रायलवाले पुन्हा टेस्ट करायला ब्लॉकच मागतात, आम्हाला त्यासाठी परत साताऱ्याला जावं लागलं होतं.