विषय: चवथीनंतरचा क्विझ, 'पाहुणा कलाकार' राऊंड

प्रेषक: पर्वरीची ताई

नमस्कार मंडळी,

चवथ झाल्यावरच्या रविवारी आपण सगळे भेटतोय हे माहीत आहेच (हॉल बुक झालाय, अ‍ॅडव्हान्स दिलाय, वर्गणीची मेल वेगळी येईल, कृपया इथे विचारत बसू नका). क्विझ यंदा माझ्या गळ्यात पडलाय. गेल्या वर्षीसारखे तालुके नि नद्या विचारल्या तर पोरं परत मोबाईल काढून बसणार, म्हणून एक राऊंड टीव्हीचा ठेवतेय. सिनेमातला मोठा स्टार ध्यानीमनी नसताना एखाद्या सिरीयलमध्ये उगवतो ना, त्यावर.

शोधायला बसले आणि एलिझाबेथ टेलरपाशी जी अडकले ती रात्री एक वाजेपर्यंत तिथेच. दोन ऑस्कर मिळवलेली बाई, आणि १९८१ साली 'जनरल हॉस्पिटल' नावाच्या दुपारच्या रडक्या सिरीयलमध्ये स्वतःहून आली, कारण ती ते रोज बघायची! म्हणजे आपल्याकडे आजी जेवण आटपून रिपीट टेलिकास्ट लावते ना, तशीच फॅन. ल्यूक आणि लॉरा या जोडीचं लग्न होतं, आणि टेलरबाई त्यात हेलेना कॅसाडीन म्हणून येऊन नवरानवरीला शाप देऊन जाते. शाप का, तर तिच्या नवऱ्याने सगळं गाव गोठवून टाकायचं यंत्र केलेलं असतं आणि ल्यूकने त्याचा डाव मोडलेला असतो. (नाही, मी बनवून सांगत नाहीये.) ते लग्न अमेरिकेत सुमारे ३ कोटी लोकांनी बघितलं म्हणे, तेही भर दुपारी.

तर असे किस्से कोणाला आठवत असतील तर पाठवा. आपल्याकडचेही चालतील, चालतील काय, पाहिजेतच.

ताई

*

प्रेषक: मस्कतवाला

ताई, टेलरबाई आपल्या पोरांना कोण सांगणार, माझा मुलगा विचारेल स्विफ्ट का म्हणून 😀 आपल्याकडचे घे की. 'चला हवा येऊ द्या' मध्ये शाहरुख आला, सलमान आला, अजून कोण कोण हिंदीवाले येऊन गेले, आम्ही इथे शुक्रवारी सुट्टी असायची तेव्हा यूट्यूबवर लावून सगळी बिल्डिंग गोळा करायचो, मल्याळी शेजारी पण, त्याला एक शब्द कळत नसायचा पण भाऊ कदम साडी नेसून आला की तो सगळ्यात आधी हसायचा. शाहरुख थुकरटवाडीत येतो याहून सरप्राईज काय पाहिजे?

चवथीला मी येतोय. तिकीट काढलंय.

*

प्रेषक: म्हापशाची धाकटी

दादा सॉरी पण मला नाही पटत. ते पाहुणे कलाकार नव्हेतच, ते प्रमोशन. शुक्रवारी पिक्चर लागणार म्हणून आदल्या आठवड्यात येतात, सोफ्यावर बसतात, आपली मंडळी त्यांच्यासमोर स्किट करते, ते टाळ्या वाजवतात, शेवटी एक मराठी वाक्य बोलतात की झालं. यात त्यांनी काय केलं? बघितलं. बघायला तर आपण पण बसलोय की. फरक एवढाच की त्यांना सोफा मिळाला आणि आम्हाला सतरंजी.

गेस्ट अपिअरन्स म्हणजे त्याने काहीतरी रोल केला पाहिजे असं मला वाटतं. हॉलिवूडचा ब्रूस विलिस 'फ्रेंड्स' या अमेरिकी सिरीयलमध्ये आला तो रॉसच्या गर्लफ्रेंडचा बाप होऊन, त्याला त्याच्यासाठी २००० सालचं एमी (टीव्हीचं ऑस्करच) मिळालं, टाळ्या वाजवण्यासाठी नाही मिळालं.

*

प्रेषक: वास्को

हॉलचं जेवण शिवराक (शाकाहारी) आहे की नाही तेवढं कोणीतरी सांगा. आमच्याकडे गौरी असतात पण नंतरच्या रविवारी चालतं.

*

प्रेषक: मडगावचे काका

चि. म्हापशाची, तुझं बरोबर आहे, आणि त्यावर मला थोडं (थोडं म्हणजे तुम्हाला माहीत आहे किती) लिहायचं आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खालच्या मेलवर जावं.

पाहुणा कलाकार हा शब्द आमच्या पिढीने टीव्हीवर नाही वाचला, जत्रेच्या हँडबिलावर वाचला. आमच्या गावच्या देवळात उत्सवाला नाटक व्हायचं, अजूनही होतं, सगळे नट गावातलेच, मास्तर, पोस्टातला, दुकानवाला, आणि हँडबिलाच्या तळाशी जाड अक्षरात 'पाहुण्या कलाकार' म्हणून एका बाईचं नाव, कारण त्या काळी गावातली बाई रंगमंचावर यायची नाही आणि मिशीवाल्या पोस्टमनला नायिका करायचे दिवस संपले होते. ही बाई दुपारच्या बसने यायची, देवळाच्या अग्रशाळेत चहा घ्यायची, संध्याकाळी एक धावती तालीम आणि रात्री अकराला पडदा वर. नाटक तिचं पाठ असायचं, पण ती इतक्या ठिकाणी करायची की कुठल्या गावाने कुठला प्रवेश कापलाय ते तिला काय माहीत. एका वर्षी तिने आमचा अख्खा एक प्रवेश ओलांडून पुढचं वाक्य टाकलं. त्या प्रवेशात सरदाराचं काम करणारे आमचे एक शेजारी विंगेत फेटा, तलवार, तीन महिन्यांची तालीम घेऊन उभे, आणि नाटक त्यांना सोडून पुढे निघून गेलं. ते तसेच सरदाराच्या वेषात घरी गेले, पहाटे पोदेर पाव घेऊन आला तेव्हा पायरीवर बसलेले होते, फेटा डोक्यावरच.

सांगायचा मुद्दा असा की पाहुणा आला की घरच्यांचं काहीतरी हलतंच, आणि लिहिणारा हुशार असेल तर तो पाहुण्याला नेमक्या जागी बसवतो. टेलरबाईला लग्नात शाप द्यायला बोलावलं ते म्हणून मला आवडलं. दोन मिनिटांचं काम, पण गोष्ट तिच्यामुळे पुढे सरकते.

आता आपल्याकडचं. 'हम लोग' आठवा, १९८४. दूरदर्शनवर अशोककुमार प्रत्येक भागाच्या शेवटी यायचे, झालेल्या गोष्टीवर दोन शब्द बोलायचे, 'छन पकैया' म्हणत यमक जुळवायचे. तेव्हा सिनेमावाल्यांनी टीव्हीत येणं म्हणजे उतरणीला लागणं असं समजत. दादामुनी बिनधास्त आले. पण त्यांना पाहुणा म्हणावं का? रोज येणारा तो पाहुणा कसला, तो घरचाच झाला.

आणि माझा सगळ्यात आवडता, 'वागले की दुनिया', १९८८. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन. वागळे हे आडनाव आमचं, पण पडद्यावरचे वागळे म्हणजे अंजन श्रीवास्तव कोलकात्याचे, बायको मात्र भारती आचरेकर, तेव्हा घर मराठीच वाटायचं. त्यात एका भागात एक केसाळ पोरगा वागळ्यांना गाडीने ठोकतो. तो शाहरुख खान. कोणी ओळखला नाही कारण ओळखण्यासारखं तेव्हा काही नव्हतंच, पहिला सिनेमा यायला अजून तीन-चार वर्षं होती. पुढे त्याच कुंदन शाह यांनी त्याला घेऊन आपल्या गोव्यातली गोष्ट केली, 'कभी हाँ कभी ना', १९९४, आणि त्यात शाहरुखचा बाप कोण? अंजन श्रीवास्तव! ज्याला गाडीने पाडलं तोच बाप. मी हे गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात सांगत आलोय, काकूने आता मला मांडवात एकटं सोडायचं बंद केलंय.

काका

*

प्रेषक: फोंड्याची मावशी

काका, सरदाराचा किस्सा माहीत आहे, ते माझे सख्खे मामा. फेटा नव्हता, पगडी होती.

तुम्ही सगळे पुरुष शाहरुख शाहरुख करता. आपल्या उसगावच्या वर्षा उसगावकर विसरलात? 'महाभारत' लागायचं तेव्हा त्या मराठी सिनेमात हिरॉईन होत्याच, 'गंमत जंमत' १९८७ चा, आणि बी. आर. चोप्रांच्या महाभारतात त्या उत्तरा झाल्या. रविवारी सकाळी आमच्या वाड्यावर टीव्ही दोनच घरांत, एक आमचा आणि एक पलीकडे मिंगेलच्या घरी, चर्चमधली मिस सुटली की तिकडचे पण सगळे कपडे न बदलता आमच्या ओट्यावर, कारण आमचा अँटेना चांगला होता. उत्तरा पडद्यावर आली आणि माझी आजी उठून उभी राहिली, गो ती आमची, आमची! अभिमन्यू मरायच्या भागात आजी रडली ती अभिमन्यूसाठी नव्हे, आपल्या गावचं चेडूं विधवा झालं म्हणून. मिंगेलची आई पण रडली. ९४ भागांत उत्तरेचं काम केवढंसं, पण फोंडा तालुक्यात विचाराल तर महाभारताची हिरॉईन तीच.

जाता जाता, अशोक सराफ आणि निवेदिता यांचं लग्न मंगेशीला झालं, हा प्रश्न पण घाला. टीव्हीचा नाही, पण घाला.

वास्को, जेवण शिवराकच आहे. खतखतें (भाज्यांचं) आहे.

*

प्रेषक: मस्कतवाला

धाकटे, मी पण थोडा अभ्यास केला काल 😀 तू प्रमोशन प्रमोशन करतेस ना? तुमच्या टेलरबाईंचं ऐक. २६ फेब्रुवारी १९९६, सीबीएस चॅनल, एका रात्रीत लागोपाठ चार कॉमेडी सिरीयल, 'द नॅनी', 'कान्ट हरी लव्ह', 'मर्फी ब्राऊन', 'हाय सोसायटी', आणि चारही मध्ये टेलरबाई स्वतः. गोष्ट काय तर बाईंच्या काळ्या मोत्यांची माळ हरवली. पहिल्या सिरीयलमध्ये नॅनी ती माळ घालवून बसते आणि मग ती माळ रात्रभर या सिरीयलमधून त्या सिरीयलमध्ये फिरते. आणि हे सगळं कशासाठी? बाईंचा नवीन परफ्यूम बाजारात येत होता. नाव काय? ब्लॅक पर्ल्स!! आता बोल. आमचा शाहरुख निदान तासभर सोफ्यावर बसून पिक्चरचं नाव सरळ तरी सांगतो, ही बाई अत्तर विकायला चार घरांत शिरली.

*

प्रेषक: म्हापशाची धाकटी

ओके हे मला माहीत नव्हतं आणि हे भारी आहे 😂

पण दादा तरीही. अत्तर विकायला आली ते खरं, पण माळ हरवली पाहिजे, ती शोधली पाहिजे, चार वेगवेगळ्या लेखकांनी बसून ते जुळवलं पाहिजे, बाईला वाक्यं पाठ करावी लागली. विकायचंच असेल तर निदान एवढी मेहनत घ्या की. आणि अत्तराची गोष्ट सोड, त्याच बाईने १९९२ मध्ये 'सिम्पसन्स' या कार्टून सिरीयलमध्ये बाळ मॅगीचा आवाज दिला. मॅगी बोलतच नाही ना कधी, तिचा पहिला शब्द. अख्ख्या भागात एकच शब्द, 'डॅडी', तो पण शेवटी, बाप लाईट बंद करून दार ओढून गेल्यावर, म्हणजे त्याला ऐकूच येत नाही. पडद्यावर चेहरा नाही, दागिने नाहीत, नाव फक्त क्रेडिटमध्ये. एक शब्द बोलायला एलिझाबेथ टेलर! याला म्हणतात गेस्ट.

*

प्रेषक: मडगावचे काका

मस्कतवाल्याने टाकलेला चेंडू बरा होता. पण दागिन्यांचा विषय निघालाच आहे तर बाईंचा त्याआधीचा एक उद्योग सांगतो, १९७०, ल्युसिल बॉलची 'हिअर्स ल्युसी', पहिलाच भाग त्या सीझनचा. टेलर आणि रिचर्ड बर्टन नवरा-बायको दोघेही स्वतःच्या नावाने आलेले. बर्टनने तिला घेऊन दिलेला ६९ कॅरटचा हिरा तेव्हा जगभर पेपरात गाजत होता. तर ल्युसी ती अंगठी चोरून बोटात घालून बघते आणि ती निघतच नाही, आणि बाहेर पत्रकार हिरा बघायला जमलेले, मग काय, टेलरबाई पडद्यापुढे उभी आणि पडद्यातून हात येतो तो ल्युसीचा. आपल्याकडे पाटल्या साबण लावून काढतात तो प्रकार, फक्त ६९ कॅरटचा. लोकांना जो हिरा बघायचा होता तोच दाखवला, पण दुसऱ्याच बाईच्या बोटात. असं लिहिणारा आमच्या गावात असता तर माझ्या शेजाऱ्याला विंगेतून थेट घरी जावं लागलं नसतं.

(मावशी, पगडी. मान्य. अंधार होता.)

*

प्रेषक: वास्को

खतखत्यात तिरफळं घालणार ना? गेल्या वेळी नव्हती.

*

प्रेषक: पर्वरीची ताई

सगळ्यांना एकदम उत्तर देते.

राऊंडमध्ये दहा प्रश्न, त्यातले मोत्यांची माळ, मॅगीचा शब्द, अंगठी आणि उत्तरा नक्की. 'चला हवा येऊ द्या' चा एक प्रश्न घेतेय दादाच्या समाधानासाठी, पण एकच गुणाचा. धाकटी, रागावू नको. 'हम लोग' चा घेत नाही कारण काकांनी स्वतःच घोळ घालून ठेवलाय, उत्तर काय लिहू मी? मंगेशीचा प्रश्न मावशीसाठी बोनस.

वागळ्यांचा प्रश्न टायब्रेकरला होता, पण काकांनी तो इथे सगळ्या लिस्टला फोडला. बाद. काकांनीच त्याच्या जागी नवीन द्यावा, आणि तो मला एकटीला पाठवावा, रिप्लाय ऑल करू नये, काकूंना सांगून ठेवलंय.

तिरफळं घालायला सांगते.

एक अडचण आहे. क्लिप दाखवायला प्रोजेक्टर लागेल आणि हॉलवाल्याकडचा बिघडलाय. कोणाच्या ऑफिसातून एका दिवसासाठी मिळेल का? पडदा नसला तरी चालेल, पांढरी चादर आहे माझ्याकडे. शनिवारपर्यंत कळवा.

ताई