मदत हवी आहे: बर्फात अडकलोय, आज खाली उतरावं का?

निशिगंध: लवकर सांगा. तीन दिवस बर्फ थांबायचं नाव घेत नाही, परवा विमान आहे. आज उतरावं की उद्या? धाकटी स्कीचे बूट पाहिले की रडायला लागते. सासूबाईंचा गुडघा सुजलाय. हे म्हणतात, शिकवणीचे पैसे भरलेत, उद्या सकाळचं स्की करूनच निघू. मी पार थकले आहे.

रानवाटा: कुठे आहात ते आधी लिहा. औली की गुलमर्ग?

दवबिंदू: मनाली असेल तर घाई नको. आम्ही सोलंगला चार दिवस जास्त राहिलो, मुलं खूश होती.

निशिगंध: गुलमर्ग हो! फोन फक्त ह्यांचाच चालतो, पोस्टपेड आहे म्हणून. आमचे प्रीपेड श्रीनगरला उतरल्यापासून बंद.

रानवाटा: मग आजच निघा, दुपारी तीनच्या आत. तंगमर्गपर्यंतचा घाट तेवढा अवघड, पुढे रस्ता बरा. चाकांना साखळ्या लावलेली तिथलीच गाडी घ्या.

सह्यकडा: साखळ्यांनी काही होत नाही. फोर बाय फोर बघा, मी स्वतः त्यातच उतरलोय.

रानवाटा: फोर बाय फोर चढायला कामाची. उताराला ब्रेक दाबला की चारही चाकं घसरतात. साखळ्या हव्यातच.

कोजागिरी: ताई, लेकीला मोजे किती घातलेत?

निशिगंध: तीन. थंडी केवढी आहे! आतून थर्मलही आहे, बुटात नीट खोचलेलं.

कोजागिरी: दुखतंय ते त्यामुळेच. एकच पातळ, लांब मोजा घाला. थर्मलची कड बुटाबाहेर राहू द्या. सरळ उभी राहिली की अंगठा पुढे टेकायला हवा आणि गुडघे वाकवले की सुटायला हवा, म्हणजे माप बरोबर. माझ्या मुलाचे दोन दिवस असेच वाया गेले होते.

आजीचा_बटवा: सासूबाईंना तिळाचं तेल कोमट करून चोळा.

कोजागिरी: सुजलेला गुडघा चोळू नका हो. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पाय उशीवर.

दवबिंदू: गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा चालू आहे का? आम्ही फेब्रुवारीत येतोय.

सह्यकडा: अफरवाट शिखराकडचा ना? ३९०० मीटरच्या वर जातो तो. वारा किंवा जोराचा बर्फ असला की बंदच ठेवतात.

पाणकणीस: कोणी विचारलं नाही तरी सांगते. रात्री वीज गेली तर कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नका. त्या वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, असेल तर धुराडं बाहेर जातंय ना, ते बघा.

निशिगंध: आमच्या खोलीत शेगडीच आहे! आत्ता बाहेर ठेवायला लावली. पण विमान रद्द झालं तर काय करायचं?

रानवाटा: जून २०२५ पासून श्रीनगर ते कटरा वंदे भारत आहे. आत्ताच तिकिटं बघून ठेवा.

निशिगंध: तंगमर्गला पोचलो. साखळ्यांची गाडी मिळाली, तेरा किलोमीटरला दीड तास लागला. निघण्यापूर्वी लेकीला एका मोज्यावर बूट चढवून बघितला. दारासमोरच्या बर्फात दहा मिनिटं चालली, रडली नाही. नडगीवर मात्र थर्मलच्या वळीचा लाल व्रण अजून आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ह्यांनी उद्याची शिकवणी रद्द केली. सासूबाई मागच्या सीटवर पाय पसरून झोपल्या आहेत. आता कटऱ्याची तिकिटं बघते.