मदत हवी आहे: ब्रोकन हिलला कॅरॅव्हॅनचा मुक्काम, सोबत दीड वर्षाची मुलगी आणि हट्टी सासरे

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नहून मिल्डुरा, तिथून ब्रोकन हिल (न्यू साउथ वेल्समधलं खाणींचं गाव) आणि पुढे ॲडलेड असा बेत ठरलाय. गाडी आमची, मागे ओढायची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याची. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि भारतातून आलेले सासू-सासरे. सहा जण व्हॅनमध्ये आरामात झोपतात असं व्हॅनवाला म्हणतो. बघू.

मला खरं तर समुद्राकाठच्या रस्त्याने जायचं होतं. ब्रोकन हिल हा बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा हट्ट. त्यांची सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत गेली, शिवाय पक्के युनियनवाले. 1919-20 मध्ये ब्रोकन हिलच्या खाणकामगारांनी जवळजवळ दीड वर्ष संप करून आठवड्याला 35 तासांचं काम पदरात पाडून घेतलं, ही गोष्ट ते आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. "आमच्याकडे आठ तासांची पाळी, यांनी शंभर वर्षांपूर्वी सात केले!" आता त्यांना नाही कसं म्हणणार?

माझी मुख्य काळजी शिशाची आहे. चांदी, शिसं, जस्त यांचा साठा तिथे 1883 मध्ये सापडला आणि खाणकाम अजून चालू आहे. खाण गावाबाहेर नाही, गावाच्या मधोमध. मातीत आणि धुळीत शिसं असतं म्हणून तिथल्या लहान मुलांचं रक्त नियमित तपासतात, असं वाचल्यापासून माझी झोप उडालीय. आमची बाई सध्या दिसेल ते तोंडात घालते. दोन रात्री राहावं की दिवसा गाव बघून पुढे निघावं? नवऱ्याच्या मते मी उगाच घाबरतेय.

दुसरं म्हणजे सिल्व्हर्टनजवळच्या डेड्रीम खाणीत बाबांना उतरायचंय. वय 71, एक गुडघा कुरकुरतो. कोणी ज्येष्ठांना तिथे नेलंय का?

आणि स्वयंपाकाचं काय? आषाढी बहुधा वाटेतच येईल. आईंनी उपासासाठी हिरव्या मिरच्या आणि लिंबांची पिशवी आत्ताच बाजूला काढून ठेवलीय. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत हे नेऊ देतात का?

व्हॅन ओढायची पहिलीच वेळ आहे, त्याबद्दलही काही सांगायचं असेल तर सांगा.

– मिरचीठेचा

---

वाळवंटी:
ताई, मी तिथे नोकरीनिमित्त राहिलोय, मुलंही तिथेच रांगली. शिशाची भीती खोटी नाही, पण खरा त्रास होतो तो रोज थोडं थोडं पोटात जाऊन. दोन रात्रींसाठी बेत मोडू नका, तेवढी शिस्त मात्र पाळा. खायच्या आधी दर वेळी साबण-पाण्याने हात धुवायचे. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. बूट-चपला व्हॅनच्या दाराबाहेर. मुलीला उघड्या मातीवर बसवू नका, जाड चटई टाका. खाली पडलेलं खेळणं धुतल्याशिवाय परत हातात नाही. व्हॅनमध्ये झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. नळाचं पाणी बिनधास्त प्या, ते मरे नदीवरून, वेंटवर्थहून 270 किलोमीटर पाइपलाइनने येतं. छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी मात्र पिऊ नका, कारण छपरावर तीच धूळ असते. एवढं करूनही धास्ती वाटलीच तर जीपीशी, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरशी, बोलून घ्या.

डेड्रीमला ज्येष्ठांनी जाऊच नये असं नाही, पण जुनी हातखोदाईची खाण आहे. छत बुटकं, जागोजागी वाकावं लागतं, उतार आणि पायऱ्या दोन्ही. बंद बूट हवेतच. बाबांना खाणीची सवय आहे, पण गुडघ्याला ते माहीत नाही ना! फोन करून पायऱ्यांचं नीट विचारा. शेवटचा रस्ता कच्चा आहे, तेव्हा व्हॅन मुक्कामाच्या कॅरॅव्हॅन पार्कातच सोडून नुसती गाडी न्या. भाड्याची व्हॅन कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक करारांत मनाई असते.

त्यांना खरं बघायचं असेल तर ट्रेड्स हॉल, म्हणजे कामगार युनियनची जुनी इमारत, दाखवा आणि खाणीच्या ढिगाऱ्यावरचं खाणकामगारांचं स्मारक. आठशेच्या वर नावं आहेत, नावापुढे मृत्यूचं कारणही. तिथे घाई करू नका. त्यांना वाचायला वेळ लागेल.

सातबारा:
लिंबं-मिरच्या विसरा. ॲडलेडच्या रस्त्यावर ऊडला विरा इथे फळमाशीची तपासणी असते, गाडी आणि व्हॅनचा फ्रीज दोन्ही उघडायला लावतात. फळं बंद, टोमॅटो, मिरची, वांगीसुद्धा बंद. दंड जबर. आषाढी ब्रोकन हिललाच आली तर प्रश्नच मिटला. नाहीतर आदल्या रात्री सगळ्या मिरच्यांचा ठेचा शिजवून टाका, शिजवलेलं चालतं. तुमचं नाव सार्थकी लागेल.

व्हॅनचं म्हणाल तर मिल्डुराला टाकी भरा, पुढच्या 300 किलोमीटरमध्ये जवळजवळ काही नाही आणि व्हॅन मागे असली की पेट्रोल कितीतरी जास्त लागतं. समोरून रोड ट्रेन, म्हणजे दोन-तीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, आली की आधी वारा ढकलतो आणि मग ओढतो. स्टिअरिंग घट्ट धरा, दचकून ब्रेक मारू नका. उन्हं उतरली की चालवणं बंद. कांगारू आहेतच, शिवाय मोकाट बकऱ्या. रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, म्हातारी माणसं आहेत तर वीज असलेली जागाच घ्या.

मिरचीठेचा:
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे दोन रात्री पक्क्या. वाळवंटींचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. गुडघ्याचं वाक्य त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं, स्मारकाचं मात्र दोनदा वाचायला लावलं.

अजून एक. तिथलं घड्याळ मेलबर्नच्या अर्धा तास मागे, म्हणजे हिवाळ्यात भारताशी बरोबर चार तासांचा फरक, हे खरं ना? आईंना नागपूरला रोज ठरल्या वेळी फोन लागतो. तिथल्या पार्कांमध्ये फोनची रेंज कशी असते?