थर्टी फर्स्टची नाकाबंदी : दोन पेग घेऊन गाडी चालवणाऱ्याचे कायद्याने नेमके काय होते?

मंदार_ठाणे

नमस्कार. दर ३१ डिसेंबरला आमचे सगळे नातेवाईक बदलापूरला माझ्या साडूंच्या घरी जमतात. गेल्या वर्षी जेवणे आटोपून आम्ही रात्री दीडच्या सुमारास ठाण्याकडे परत निघालो. गाडी माझे धाकटे मेहुणे चालवत होते. अकरा ते साडेबारा या वेळात त्यांनी दोन मोठे पेग घेतले होते आणि ते मला ठाऊक होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मागे माझी पत्नी आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली आमची सात वर्षांची मुलगी होती. शिळफाट्याच्या अलीकडे नाकाबंदी लागली. पोलिसांनी आमच्या पुढची गाडी बाजूला घेतली आणि आम्हाला हातानेच पुढे जाण्याची खूण केली. गाडीत सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीही टाकला. घरी पोहोचल्यावर मुलीला खांद्यावर घेऊन जिना चढताना मात्र मला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती गोष्ट वर्षभर मनातून गेलेली नाही.

यंदाचे बोलणे सुरू झाले तेव्हा मी हा विषय काढला. त्यावर मेहुणे म्हणाले, “दोन पेगने काही होत नाही, आणि पकडलेच तर दोन हजारांची पावती फाडून सुटता येते. शिवाय माझ्याकडे परमिट आहे.” यातले खरे किती? मर्यादा नेमकी किती आहे, दंड जागेवर भरून प्रकरण मिटते का, आणि माझ्यासारख्या शेजारी बसलेल्या माणसावर काही जबाबदारी येते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मला हे घरात नीट समजावून सांगायचे आहे.

काळा_कोट

मी सोळा वर्षे दंडाधिकारी न्यायालयांत वकिली करतो. जानेवारीचा पहिला आठवडा आमच्याकडे याच प्रकरणांचा असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि चालवण्याचा प्रयत्न करणे हासुद्धा गुन्हाच आहे. “मला चढली नव्हती”, “मी सरळ रेषेत चालवत होतो” हा बचाव तिथे उपयोगी पडत नाही, कारण कायदा तोल विचारत नाही, आकडा विचारतो. मोटारीला जो नियम तोच स्कूटरला. दुचाकीवर पकडलेल्या कित्येकांना याचे मनापासून आश्चर्य वाटते.

आपल्या मेहुण्यांचे दोन हजार जुन्या काळातले आहेत. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि यातला एकही रुपया रस्त्यावर भरता येत नाही. कलम २०० मध्ये जे गुन्हे तडजोडीने मिटवता येतात त्यांची यादी आहे. त्यात कलम १८५ नाही. म्हणजे सिग्नल तोडल्याच्या ई-चलनासारखे हे मोबाइलवरून भरून मोकळे होता येत नाही, आणि लोकअदालतीत सवलत मागण्याचाही प्रश्न येत नाही, कारण तडजोडीस पात्र नसलेले गुन्हे लोकअदालतीच्या कक्षेबाहेर आहेत. न्यायालयासमोर उभे राहावेच लागते. रस्त्यावर कोणी “मिटवून टाकू” म्हणत असेल, तर ती पावती नसून तोडपाणी आहे, आणि तो देणाऱ्याचाही गुन्हा आहे.

दंडापेक्षा माझ्या अशिलांना जास्त जड जाते ते परवान्याचे. पोलीस परवाना ताब्यात घेऊन अपात्रतेच्या कारवाईसाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवतात. शिवाय दोष सिद्ध झाल्यास न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावे, असे कलम २० सांगते. गेल्या वर्षी माझ्याकडे एक टेम्पोचालक आला होता. दहा हजार त्याने पत्नीचे मंगळसूत्र गहाण ठेवून उभे केले. पण पुढचे सहा महिने टेम्पो कोण चालवणार आणि हप्ते कोण भरणार, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून परवान्याची झेरॉक्स पुन्हा पुन्हा उलगडून पाहत होता.

आता आपल्याविषयी. कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. नुसते शेजारी बसणे म्हणजे साहाय्य, असे मी म्हणणार नाही. पण गाडी आपली असेल आणि त्यांनी पेग घेतले आहेत हे ठाऊक असताना आपण किल्ली त्यांच्या हाती दिली असेल, तर तो प्रश्न विचारला जाऊ शकतो. परमिट हा शुद्ध गैरसमज आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. वाहन चालवण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

चाचणी नाकारण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नये. नकार हीच बाब कलम २०५ प्रमाणे आरोपीविरुद्धच्या पुराव्याला पुष्टी देणारी धरली जाऊ शकते. मात्र अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अन्यथा सोडून द्यावे लागते, हा आपला हक्क आहे आणि तो ठाऊक असावा.

आणि कोणाचा जीव गेला तर हे सगळे कलम १८५ मागे पडते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परिणामाची जाणीव होती असे दिसले तर कलम १०५ खाली सदोष मनुष्यवध लागू शकतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली सापडून मेले. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम धरून सहा महिने दिले होते; उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या निकालापासून “अपघात झाला, माझा हेतू नव्हता” एवढे म्हणून सुटण्याची वाट बरीच अरुंद झाली आहे.

तालुका_डॉक्टर

वकीलसाहेबांनी आकडा महत्त्वाचा म्हटले, म्हणून तो आकडा शरीरात कसा तयार होतो ते सांगतो.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमधून सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलिलिटरमागे ढोबळमानाने ४० मिलिग्रॅमची भर पडते; वजन कमी असेल, स्त्री असेल किंवा पोट रिकामे असेल तर याहून जास्त. यकृत ते तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम या गतीने उतरवते, आणि ही गती काळ्या कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने वाढत नाही. आता आपल्या मेहुण्यांचा हिशेब करा. साडेबारापर्यंत दोन मोठे पेग घेऊन दीडला गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात ४५ च्या आसपास आकडा असणार. मर्यादा ३० आहे. त्यांना पूर्ण शुद्धीत असल्यासारखे वाटत होते, यावर माझा विश्वास आहे. तरीही ते गुन्हा करत होते.

मला त्याहून जास्त काळजी सकाळची वाटते. रात्री नऊ ते एक या वेळात पाच मोठे पेग घेतलेला माणूस पाच तास झोपून सकाळी सहाला उठला, तरी त्याच्या रक्तात ६५ च्या आसपास आकडा असू शकतो. शिवाय २४, २५ आणि ३१ डिसेंबरला परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघड्या ठेवण्याची मुभा सरकार देत आले आहे. म्हणजे शेवटचा पेग घेऊन माणूस रस्त्यावर येतो, त्याच वेळी दूधवाले, पेपरवाले आणि फिरायला निघालेली वयस्कर मंडळी रस्त्यावर असतात.

काही वर्षांपूर्वी १ जानेवारीला सकाळी सातच्या सुमारास एक तेवीस वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला घेऊन आमच्या अपघात विभागात आला. तिला परीक्षेच्या क्लासला सोडायला तो मोटारसायकलवरून निघाला होता आणि वळणावर खांबाला धडकला. त्याला खरचटण्यापलीकडे काही नव्हते. तिच्या मांडीचे हाड मोडले होते. तो स्ट्रेचरशेजारी उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, “डॉक्टर, मी तर झोपून उठलो होतो.” त्याच्या हातात तिची एक चप्पल होती आणि ती त्याने दुपारपर्यंत खाली ठेवली नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते.

रक्ताच्या नमुन्याबद्दलही सांगतो, कारण प्रकरणे बहुधा तिथेच ढासळतात. सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटने पुसायची नसते, नाहीतर पुसलेल्या स्पिरिटचेच अल्कोहोल नमुन्यात येण्याचा धोका राहतो. रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या कुपीत घ्यायचे, ती मोहोरबंद करायची आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवायची. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या कनिष्ठ डॉक्टरांना बोलावून कुपीवर लेबल कसे लावायचे, मोहोर कशी करायची हे पुन्हा पहिल्यापासून दाखवले.

निवृत्त_हवालदार

मी वाहतूक शाखेतून निवृत्त झालो. एकतीस डिसेंबरच्या बावीस रात्री रस्त्यावर काढल्या आहेत.

नाकाबंदी शक्यतो वळणानंतर लावतात, म्हणजे लांबून बॅरिकेड पाहून गाडी मागे फिरवता येत नाही. आधी काच खाली करायला सांगून दोन प्रश्न विचारायचे, वास आणि बोलणे पाहायचे, आणि संशय आला तरच यंत्रात फुंकायला लावायचे. प्रत्येकासाठी नळी नवी हवी. ती पाकिटातून आपल्यासमोर काढा, असे नागरिकाने बेलाशक म्हणावे. माउथवॉश किंवा खोकल्याचे औषध घेतले असेल तर तसे सांगावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागावी; तोंडातला अंश तोपर्यंत जातो, रक्तातला जात नाही. गाडीत न प्यायलेला परवानाधारक असेल तर गाडी त्याच्या ताब्यात देता येते, नाहीतर ती ठाण्यात जाते. मंदारसाहेब, तुमची गाडी सोडली गेली ती तुम्ही निर्दोष दिसलात म्हणून नव्हे. गाडीत बाई आणि झोपलेले मूल दिसले की आमचा हात आपोआप पुढे जाण्याची खूण करतो. ही आमची चूक आहे. त्या मुलासाठीच गाडी थांबवायला हवी होती.

दंड पंचवीस हजार करा, पन्नास हजार करा, असे दरवर्षी कोणीतरी म्हणते. माझे मत वेगळे आहे. दंडाचा आकडा ऐकून कोणी पेग खाली ठेवल्याचे मी पाहिले नाही. पण पुढच्या चौकात नक्की थांबवतील, अशी खात्री असलेली माणसे रिक्षाने घरी गेल्याचे पाहिले आहे. ती खात्री वर्षातून एकाच रात्री असते, हे खरे दुखणे आहे. गटारीला थोडी असते, धुळवडीला थोडी असते, आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री तर मुळीच नसते. त्यातही फोन येतात. गाडी थांबवल्यावर काच खाली होण्याआधी मोबाइल पुढे होतो, “साहेबांशी बोला.” मी अनेकदा बोललो नाही आणि त्याची किंमत बदलीत मोजली, पण दोन-तीनदा बोललो, गाडी सोडली, आणि त्या गाड्यांचे नंबर मला अजून पाठ आहेत.

आणखी एक गोष्ट मला खटकते. वर्तमानपत्रे अशा चालकांना ‘तळीराम’ म्हणतात. ज्या माणसामुळे दुसऱ्याच्या घरात सुतक येऊ शकते, त्याला असले लाडाचे नाव कशासाठी?

सर्व्हेअर_नाशिक

विम्याचा मुद्दा राहिला, तो थोडक्यात सांगतो. मद्याच्या अमलाखाली गाडी चालवली असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. दिल्लीत डिसेंबर २००७ मध्ये झालेल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये असेही म्हटले, की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून कंपनी हे दाखवू शकते. समोरच्या जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई मिळते, पण ती दिल्यावर कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याचा हक्क मागू शकते. ही रक्कम कित्येक लाखांत जाते आणि ती गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या डोक्यावर बसते, त्या रात्री तो गाडीत असो वा नसो.

मंदार_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. गाडी माझ्याच नावावर आहे आणि त्या रात्री किल्ली मीच दिली होती, हे मी मूळ प्रश्नात लिहायचे टाळले होते. ते आता लिहितो.

हवालदारसाहेबांचे वाक्य मी पत्नीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की त्या रात्री तीही जागीच होती, डोळे मिटून देवाचे नाव घेत होती. आज साडूंशी बोलणे झाले. यंदा जो पिणार आहे त्याने तिथेच राहायचे, सगळ्यांच्या किल्ल्या जेवणापूर्वी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण झाल्याशिवाय त्या काढायच्या नाहीत, असे ठरले आहे. सकाळचा हिशेब डॉक्टरांनी सांगितला नसता तर आम्ही सहालाच निघालो असतो, कारण मुलीची शाळा असते. यंदा तिची एक दिवस रजा काढू.

मेहुण्यांनी अजून होकार दिलेला नाही. “तुमचा माझ्यावर विश्वास नाही” म्हणून ते रागावले आहेत. रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. दोन पेग, साडेबारा, दीड आणि ४५ हा हिशेब कागदावर मांडून सोबत नेतो आहे.